कच्छचे खडक आणि आपली वाचनाची घाई

पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतून निघालेल्या 27 मणक्यांना एप्रिल 2024 मध्ये ‘वासुकी इंडिकस’ हे नाव मिळाले आणि पाहता पाहता देशभरच्या बातम्यांत समुद्रमंथन सुरू झाले. देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी या आयआयटी रुरकीच्या दोघा संशोधकांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये जे लिहिले ते असे होते: हा मॅडसोइडी कुळातला, आता नामशेष झालेला सर्प, अंदाजे लांबी 11 ते 15 मीटर, काळ सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा. शंकराच्या गळ्यातल्या नागाचे नाव त्याला देणे ही संशोधकांची रसिकता होती. ग्रीक देवतांची नावे डायनोसॉरांना दिलेली चालतात, तर वासुकीने काय घोडे मारले आहे? माझी तक्रार नावाविषयी नाही. त्या नावाचा पुरावा करण्यात आला, आणि ज्या खडकाने त्या सापाला इतका काळ जपून ठेवले तो खडक बातमीतून जवळजवळ नाहीसा झाला, ही माझी तक्रार आहे.

ज्यांना हा साप मंथनातला वाटतो त्यांनी तो कोणत्या थरात सापडला एवढे तरी विचारावे. तो थर किनाऱ्यालगतच्या दलदलीचा आहे. लिग्नाइट म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा अर्धाकच्चा कोळसा, आणि त्याच्या जोडीने राखाडी शेल. खवळलेल्या समुद्राची तिथे खूण नाही, मंदर पर्वत तर लांबच राहिला. आणि 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी हा सोहळा पाहून ठेवायला मनुष्यजातीतले कोणी जन्मलेले नव्हते. पुराणकथा ही काव्याची थोर संपत्ती आहे. तिला मणक्यांच्या दाखल्याची गरज वाटू लागली, तर त्यात तिचाच अपमान अधिक.

पण हे उत्तर सोपे आहे आणि सोप्या उत्तरावर थांबण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतलेला नाही. कच्छमधून जीवाश्माची बातमी आली की तिच्यामागून हमखास येणारा एक दुसरा युक्तिवाद आहे. तो अधिक सभ्य भाषेत येतो, म्हणून अधिक फसवतो. तो असा: कच्छच्या डोंगरांवर सागरी शंख सापडतात हे तुम्हीच मान्य करता, म्हणजे एकेकाळी तिथे पाणीच पाणी होते, जगभरच्या कथांत महापूर आहे, मग हे सगळे थर एकाच प्रलयात साचले असे आम्ही म्हटले तर बिघडले कुठे? शेवटी तुमचीही व्याख्याच, आमचीही व्याख्याच.

‘शेवटी व्याख्याच’ हे ते विष आहे. त्याचा समाचार घ्यायचा तर खडकापाशीच जावे लागेल.

कच्छच्या मुख्य भूभागात ज्युरासिक आणि क्रिटेशस काळातील गाळाच्या खडकांची एकूण जाडी दीड ते तीन किलोमीटरच्या घरात आहे. सगळ्यात खाली पच्छमचे चुनखडक, त्यावर चारीचे शेल आणि वालुकाश्म, त्यावर कटरोल, आणि माथ्यावर उमिया. फर्डिनांड स्टोलिझ्का आणि विल्हेल्म वागेन यांनी एकोणिसाव्या शतकात ही विभागणी रूढ केली. पुढे एस. के. बिस्वास यांनी 1977 मध्ये तिची खडकांच्या गुणधर्मांनुसार नवी मांडणी केली आणि झुरिओ, जुमारा, झुरण, भूज ही नावे प्रचारात आली. आता या थप्पीत एका प्रलयाला कुठे जागा आहे ते पाहू.

पच्छमच्या चुनखडकांत प्रवाळ आहेत. ग्रेगरी यांनी 1900 मध्ये कच्छच्या ज्युरासिक प्रवाळांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. प्रवाळ ही गढूळ लोंढ्यात वाढणारी वस्तू नव्हे. तिला स्वच्छ, उथळ, उबदार पाणी लागते आणि वर्षानुवर्षांची सवड लागते. चारीच्या थरांत एकाच्या वर एक कितीतरी पातळ्यांवर प्राण्यांची बिळे आहेत: उभी, आडवी, फाटे फुटलेली. बीळ म्हणजे राहते घर. पहिला गाळ साचला, त्यात प्राण्याने घर केले, त्यावर पुन्हा गाळ आला, पुन्हा दुसऱ्या प्राण्याने घर केले. सगळा गाळ जर काही आठवड्यांत कोसळला असेल, तर ही घरे बांधली कोणी आणि केव्हा?

आणि मग येतो धोसा ऊओलाइट. चारीच्या माथ्यावरचा हा थर मला सगळ्या कच्छमध्ये सर्वाधिक प्रिय आहे. बारीक, गोल, लोहयुक्त आवरणांचे पापुद्रे चढलेल्या कणांचा तो बनलेला आहे. असे लोहकण तयार व्हायला समुद्रतळावर गाळ जवळजवळ न पडण्याची स्थिती लागते. या थराच्या अगदी वरच्या भागात गोट्यांचा एक पट्टा आहे. त्यातल्या गोट्या आधी गाळात घट्ट झाल्या, मग उघड्या पडल्या, मग त्यांना प्राण्यांनी भोके पाडली, त्यांच्यावर कृमींच्या चुनखडी नळ्या चिकटल्या आणि त्यानंतर त्या पुन्हा पुरल्या गेल्या. त्याच पट्ट्यात वेगवेगळ्या काळांतील अमोनाइट एकत्र मिसळलेले सापडतात. हातभर जाडीच्या त्या पट्ट्यात काही दशलक्ष वर्षे दाबून बसवलेली आहेत, आणि काही तर तिथे नाहीतच. त्या काळाचा गाळच शिल्लक नाही. प्रलयवाद्यांना थरांची जाडी दिसते. स्तरविज्ञानाचा अर्धा जीव मात्र थरांच्या मधल्या गैरहजेरीत असतो. ही गैरहजेरी मोजता येते, म्हणूनच कालगणनेवर विश्वास ठेवता येतो.

अमोनाइटांच्या क्रमाची गोष्टही अशीच. कच्छमध्ये मॅक्रोसेफॅलायटिस खालच्या चारीत आणि मायाइटिस त्याच्या वर, धोसात. हा क्रम जुमाऱ्यात जो आहे तोच झुऱ्यात आणि तोच किऱ्यात. शिवाय मॅक्रोसेफॅलायटिसचे हेच स्थान युरोपातल्या थरांतही आहे. आकाराने आणि वजनाने सारखेच असलेले शंख कोणत्या लोंढ्याने असे वंशावळीप्रमाणे निवडून लावले? जड वस्तू आधी बुडते हे पाण्याला कळते; पण एकाच मापाच्या दोन शंखांतला पूर्वज कोणता हे पाण्याला कसे कळणार?

वर चढत जा. उमियात, म्हणजे आजच्या भाषेत भूज शैलसमूहात, नद्यांनी आणि त्रिभुज प्रदेशांनी टाकलेले तिरप्या रेघांचे वालुकाश्म येतात आणि त्यांच्यात टायलोफायलमची पाने येतात. समुद्र मागे हटला आहे. त्याहीवर दख्खनच्या बेसाल्टचे थर आहेत. होय, आपल्या सह्याद्रीत जो काळा पाषाण पायाखाली असतो तोच, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, कच्छमध्ये या गाळाच्या खडकांवर पसरलेला आहे. लाव्हा पसरण्याआधी खालचा प्रदेश झिजलेला होता. लाव्हा थंड झाल्यावर तोही हवापाण्याने सडला, त्यावर पुन्हा समुद्र आला आणि न्युम्युलाइटांचे चुनखडक साचले. ज्यांना एक प्रलय हवा आहे त्यांनी या पायऱ्यांतली नेमकी कोणती प्रलयाला द्यायची ते ठरवावे. सगळ्या एकदम देता येणार नाहीत.

आता ‘शेवटी व्याख्याच’ या वाक्याकडे. होय, व्याख्याच. पण व्याख्या आणि व्याख्येत फरक असतो. जिला खोटी ठरण्याची भीती असते ती व्याख्या वेगळी, आणि काहीही निघाले तरी जी खुशाल असते ती वेगळी. याचे उदाहरण कच्छनेच दिले आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही ही शरमेची गोष्ट आहे. ओटोकार फाइस्टमांटेल यांनी 1876 मध्ये कच्छच्या वनस्पती-जीवाश्मांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या वनस्पतींशी तुलना करून त्यांनी उमियाच्या पानांना मध्य ज्युरासिक ठरवले. अडचण अशी की त्याच पानांच्या खालच्या थरांतले अमोनाइट उत्तर ज्युरासिकचे होते. खालचा थर वरच्यापेक्षा तरुण! स्टेनोने 1669 मध्ये सांगितलेला नियम कच्छमध्ये मोडतो की काय? मोठमोठ्या लोकांत यावर वाद झाला. कुणीही ‘तुमची व्याख्या तुम्हाला, आमची आम्हाला’ म्हणून समेट केला नाही. थर उलटलेला नव्हता, हे क्षेत्रात तपासता येत होते. म्हणून चूक पानांच्या कालनिर्णयात असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. दूरच्या खंडांतील वनस्पती एकाच वेळी बदलत नाहीत, हे भूविज्ञान त्यातून शिकले. पुढे याच थप्पीच्या वरच्या भागात, उक्रा येथे, पूर्व क्रिटेशस काळातील अमोनाइट मिळाले आणि प्रश्न उरला नाही. एक व्याख्या हरली. हरू शकत होती म्हणूनच ती विज्ञानातली होती.

लोडाईजवळ सापडलेल्या इक्थिओसॉरची बातमी 2017 मध्ये आली. साडेपाच मीटर लांबीचा, जवळजवळ संपूर्ण सांगाडा. ‘भारतातील पहिला ज्युरासिक इक्थिओसॉर’ हे मथळे योग्यच होते. पण त्याचे वय त्या सांगाड्याने सांगितले नाही. ते सांगितले त्याच थरांतल्या अमोनाइटांनी आणि बेलेम्नाइटांनी, म्हणजे ज्यांची छायाचित्रे कुणी छापत नाही अशा मुठीएवढ्या शंखांनी. आपल्या विज्ञानवार्तांत राजाचा राज्याभिषेक असतो, पण जमीन मोजणाऱ्या कारकुनाचे नाव नसते. मग वाचकाला वाटते की वय म्हणजे संशोधकाने सांगितलेला एक आकडा, त्याच्या शब्दावर ठेवायचा विश्वास. आणि विश्वासाचाच प्रश्न असेल तर माणूस आपल्या आवडीच्या विश्वासाकडे जाणारच. प्रलयाच्या युक्तिवादाला खतपाणी अज्ञानी लोकांनी घातले त्याहून अधिक आम्ही, विज्ञान सांगणाऱ्यांनी, आमच्या आळसाने घातले आहे.

तेव्हा थोडे आमच्याच पंगतीतल्या लोकांविषयी.

‘खडकांचे थर म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाची पाने’ हे वाक्य ज्याने त्याने लिहून झाले आहे. कच्छसारख्या प्रदेशात ते निव्वळ दिशाभूल करणारे आहे. हा प्रदेश एकदा ताणला गेला आणि नंतर दाबला गेला. गोंडवन फुटत असताना इथे खचदरी तयार झाली आणि तिच्यात गाळ साचला. भारतीय पट्ट आशियावर आदळल्यानंतर तीच दरी उत्तर-दक्षिण दाबाखाली आली आणि जुने प्रस्तरभंग उलट दिशेने सरकू लागले. जे खाली गेले होते ते वर आले. समुद्राचे शंख डोंगरावर कसे, याचे उत्तर हे आहे: समुद्र डोंगरावर चढला नाही, तळ वर उचलला गेला. या उचलण्यात थर सरळ राहिले नाहीत. कच्छ मेनलँड प्रस्तरभंगाच्या कडेने झुरा, जुमारा, किरा असे घुमट उभे राहिले. त्यांची दक्षिण बाजू मंद उताराची आणि उत्तर बाजू तीव्र, काही ठिकाणी जवळजवळ उभी. घुमटाचा माथा झिजून पोकळ झाल्यामुळे सर्वांत जुना खडक मध्यभागी आणि नवे खडक भोवती कड्यांसारखे. तिथे वर चढणे म्हणजे नव्या काळाकडे जाणे नव्हे. मध्यापासून बाहेर जाणे म्हणजे नव्या काळाकडे जाणे. उत्तरेकडे काही पावलांत जेवढी जाडी ओलांडली जाते तेवढीच दक्षिणेकडे ओलांडायला बराच वेळ चालावे लागते. शिवाय प्रस्तरभंगाने एकच थर दोनदा वर आणून ठेवला असेल, तर त्याला दोन थर समजण्याचा धोका आहेच. शिलारसाच्या पत्री थरांच्या मध्ये घुसून गाळाचाच एखादा थर असल्याचा आव आणतात. वरचा आणि खालचा दोन्ही खडक भाजलेले आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्यांचे सोंग उघडे पडत नाही. पाने फाटलेली, दुमडलेली, उलटी शिवलेली, मधली गहाळ, आणि काही ठिकाणी भलत्याच पुस्तकातली. हे सांगायला नको का?

दुसरा आजार अधिक नवा आहे. गाळाच्या थरात वेटोळे, लोंबकळणारे लहान ओघळ किंवा वाळूच्या चुली दिसल्या, की ‘प्राचीन भूकंपाची खूण’ असा शिक्का मारायचा. कच्छ भूकंपप्रवण आहे, तेव्हा शंका कोण घेणार? पण ओला गाळ विस्कटायला भूकंपच लागतो असे नाही. वरून घाईने पडलेल्या वाळूच्या ओझ्यानेही तो विस्कटतो, वादळी लाटांच्या माऱ्यानेही विस्कटतो. भूकंपाचे नाव घ्यायचे तर विस्कटलेला थर दूरवर सलग मिळाला पाहिजे, त्याच्या वरचे व खालचे थर शांत असले पाहिजेत, त्या काळी जवळचा प्रस्तरभंग जागा असल्याचा स्वतंत्र पुरावा पाहिजे आणि बाकीची कारणे एकेक करून बाद केली पाहिजेत. ‘इथे आज भूकंप होतात म्हणून 16 कोटी वर्षांपूर्वीही झाले’ हा तर्क नाही. ताणाच्या काळातले कच्छ आणि दाबाच्या काळातले कच्छ ही यंत्रणेच्या दृष्टीने दोन वेगळी कच्छ आहेत. प्रलयवादी एका कारणाने सगळे समजावतो म्हणून आपण त्याला हसतो, आणि मग आपणच प्रत्येक वेटोळ्याला भूकंप म्हणतो!

हे केवळ अभ्यासकांचे भांडण असते तर इतके लिहिले नसते. 16 जून 1819 रोजी रणात जमीन उचलली गेली आणि सुमारे 80 ते 90 किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा बांध उभा राहिला; लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटले. सिंद्रीचा किल्ला आणि भोवतालचा भाग खचून पाण्याखाली गेला. चार्ल्स लायेल यांनी आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. 26 जानेवारी 2001 रोजी भचाऊजवळ पुन्हा धरणी हादरली, तेरा हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्या प्रस्तरभंगाने भूपृष्ठावर स्वतःची मोठी भेग उमटवलीच नाही. तो खाली दडून होता. पट्टसीमेपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशात दाब कुठे साठतो आहे, हे समजून घ्यायला यंत्रांची नोंद पुरेशी नाही, कारण ती नोंद फार अलीकडची आहे. त्या नोंदीपलीकडे बोलतात ते थरच: कोणता घुमट अजून उचलला जात आहे, कोणत्या नदीच्या पायऱ्या वाकल्या आहेत, रणाच्या गाळात वाळूचे उद्रेक किती वेळा आणि कधी झाले. 2001 मध्ये रणात आणि बन्नीत जमिनीतून वाळू-पाणी उसळले. अशीच वाळू जुन्या गाळात सापडली आणि तिचे वय काढता आले, तर आधीच्या भूकंपाची तारीख सापडते. चुकीच्या वेटोळ्याला भूकंप म्हटले की हा हिशेब बिघडतो. आणि या हिशेबावर कुणाचे घर कसे बांधायचे ते ठरणार असते.

वाळवंटात थर चुकीचे वाचल्याचे आणखी एक ताजे उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. डिसेंबर 2024 अखेर जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढ भागात कूपनलिका खोदताना पाणी इतक्या जोराने उसळले की खोदाईचे यंत्रच जमिनीत गेले. लगेच सरस्वती प्रकटली. जलभूवैज्ञानिकांनी चिकणमातीच्या अभेद्य थराखाली दाबाने कोंडलेल्या पाण्याचे स्पष्टीकरण दिले. पण नदी सापडल्याच्या आनंदापुढे चिकणमातीला कोण विचारतो? हे पाणी पुन्हा भरून येणारे आहे की एकदाच मिळणारे, हा तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न होता. नदी म्हटले की तो प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. ज्या मुलांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासमोर पुढचा ‘वासुकी’ येणार आहे. खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हाती सगळे अधिकार एकवटण्यावर आक्षेप आले, आणि ते योग्यही होते. पण आक्षेप घेणाऱ्यांनी आणि मसुदा करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: पुराव्याशिवाय वाद घालता येत नाही. कच्छमधील एखादा थर खणून, भरून किंवा रस्त्याखाली घालून संपवला, तर फाइस्टमांटेल आणि अमोनाइट यांच्यासारखा वाद पुन्हा सोडवायला जागाच राहणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हिवाळ्यात सहलीला झुरा किंवा जुमाऱ्याला जाल तेव्हा वाटेवर सुटा पडलेला अमोनाइट खिशात घालू नका. थरातून निसटलेल्या शंखाचे वय तुम्हाला सांगता येणार नाही आणि तो उचलल्यावर इतरांनाही येणार नाही. त्याऐवजी थराचा कल आणि दिशा मोजा, वरची बाजू कोणती ते बिळांवरून आणि तिरप्या रेघांवरून ठरवा, आणि धोसाच्या माथ्यावरचा तो गोट्यांचा पट्टा शोधून त्याची जाडी वहीत लिहा. मग तिथे उभे राहून सोबतच्या शिक्षकांना विचारा की या पट्ट्यात नेमका किती काळ नाही.